‘रेकर’ शब्दाचा प्रवास : साखळी-करवतीला धार लावण्याच्या तंत्राचा एक इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

जमिनीवर उभे राहून उंच झाडाच्या फांद्या छाटण्यासाठी जे यंत्र आज वापरले जाते, त्यास इंग्रजीत पोल प्रूनर असे म्हणतात. एक लांब दांडा, दांड्याच्या खालच्या टोकास बहुधा लहानसे एंजिन आणि वरच्या टोकास २५ ते ३० सेंटीमीटर लांबीच्या पात्याभोवती फिरणारी दातेरी साखळी, असे त्याचे स्थूल रूप होय. यंत्र आधुनिक आहे. परंतु त्याच्या साखळीला धार लावण्याचे काम आजही हातात कानस घेऊनच केले जाते, आणि त्या कामाची परिभाषा यंत्राहून पुष्कळ जुनी आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय ही परिभाषा, आणि विशेषतः तिच्यातील एक शब्द, हा आहे.

साखळीची कापणारी कडी हातात घेऊन पाहिली असता तिच्यावर दोन उंचवटे दिसतात. मागचा उंचवटा म्हणजे प्रत्यक्ष कापणारा दात. त्याचा माथा पुढच्या बाजूस धारदार असतो. त्याच्या पुढे, मध्ये लहानशी खोबण सोडून, दुसरा एक बोथट उंचवटा असतो. उत्पादकांच्या माहितीपुस्तकांत या दुसऱ्या उंचवट्यास ‘डेप्थ गेज’, म्हणजे खोलीचे माप ठरविणारा, असे म्हटलेले असते. इंग्रजी बोलणारे लाकूडतोडे आणि यंत्रदुरुस्तीचे कारागीर मात्र त्याला सर्रास ‘रेकर’ म्हणतात. एकाच वस्तूला दोन नावे असणे ही भाषेत नवलाची गोष्ट नव्हे. पण येथे ही दोन नावे वस्तूच्या कार्याविषयी दोन निरनिराळी विधाने करतात. आणि त्यांपैकी एक विधान आजच्या साखळीच्या बाबतीत खरे नाही. हे कसे घडले, आणि त्याचा धार लावणाऱ्याच्या हातावर काय परिणाम होऊ शकतो, हे येथे पाहावयाचे आहे.

शब्दांचा इतिहास वस्तूंच्या इतिहासापासून तोडून अभ्यासता येत नाही, हा विचार भाषाशास्त्रात नवा नाही. रूडोल्फ मेरिंगर प्रभृती विद्वानांनी १९०९ साली ‘शब्द आणि वस्तू’ या अर्थाचेच नाव देऊन एक जर्मन नियतकालिक सुरू केले, तेव्हा नांगर, घर, चूल यांसारख्या वस्तूंचा अभ्यास शब्दव्युत्पत्तीच्या जोडीने होऊ लागला. त्या दृष्टीचा उपयोग ग्रामीण व प्राचीन अवजारांपुरताच मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. कारखान्यात जन्मलेल्या वस्तूंनाही शब्दांचा वारसा असतो.

२. क्रॉसकट करवत : शब्दाचा जन्म

करवत दोन प्रकारे चालते. लाकडाच्या शिरांच्या दिशेने कापणे निराळे आणि शिरांना आडवे कापणे निराळे. आडव्या कापात लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंनी आधी तोडावे लागतात. न तोडता ओढल्यास ते फाटतात आणि करवत अडकते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील महाकाय वृक्ष १८८०च्या सुमारापर्यंत मुख्यतः कुऱ्हाडीनेच पाडले जात. त्यानंतर वृक्ष पाडण्याच्या कामीही दोघांनी दोन टोकांस धरून ओढावयाची लांब क्रॉसकट करवत रूढ झाली. तिच्या दातांची विकसित रचना अशी : चिरणाऱ्या दातांचा एक गट, आणि त्यानंतर एक वेगळ्या घडणीचा दात. चिरणारे दात आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे किंचित वाकविलेले असत. ते लाकडात दोन समांतर चिरा पाडीत. या दोन चिरांमधील लाकडाची पट्टी सुटी करून बाहेर ओढण्याचे काम मधल्या दाताकडे होते. इंग्रजीत ‘रेक’ म्हणजे दाताळे. दाताळ्याप्रमाणे ओढून काढणारा, म्हणून तो ‘रेकर’. येथे नाव आणि कार्य यांचा मेळ पूर्ण आहे.

हा रेकर चिरणाऱ्या दातांपेक्षा किंचित आखूड ठेवावा लागे. तो फार उंच राहिला, तर चिरा पुरेशा खोल पडण्याआधीच तो लाकडावर टेकून घासतो. फार आखूड झाला, तर चिरलेली पट्टी पूर्ण सुटत नाही आणि भुसा जागीच राहतो. उंचीतील हा फरक इंचाच्या सहस्रांशांत मोजावा लागतो. ओल्या व मऊ लाकडासाठी तो जास्त ठेवावयाचा, सुक्या व कठीण लाकडासाठी कमी. शिवाय रेकर स्वतःही धारदार असावा लागे. त्याचे टोक घासून आणि ठोकून विशिष्ट आकारात आणावे लागे. म्हणजे रेकर हा बोथट थांबा नव्हता, तो काम करणारा दात होता. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इतक्या बारकाईचे काम झाड पाडणाऱ्याने दिवसभराच्या श्रमानंतर करावे, अशी अपेक्षा कोणी ठेवीत नसे. त्यामुळे मोठ्या लाकूडतोड-छावण्यांत केवळ करवतींना धार लावणारा स्वतंत्र कारागीर असे. त्याला ‘फाइलर’, म्हणजे कानस चालविणारा, म्हणत. उजेडासाठी खिडक्या ठेवलेली त्याची स्वतंत्र खोपी असे. तो जंगलात जात नसला तरी छावणीतील प्रत्येक करवतीचे चालणे त्याच्या हातावर अवलंबून असे. ज्ञान आणि श्रम यांची ही विभागणी पुढे कशी मोडली, हा या इतिहासाचा गाभा आहे.

३. साखळीवर चढलेले जुने दात

अखंड फिरणाऱ्या साखळीला दात बसवून लाकूड कापण्याची कल्पना यंत्राच्या यशापूर्वी बरीच आधी सुचलेली होती. सॅन फ्रान्सिस्को येथील सॅम्युएल बेन्स याने अशा करवतीचे पेटंट १९०५ साली मिळविले. त्याच्या डोळ्यांपुढे रेडवुडचे प्रचंड वृक्ष होते. जर्मनीत आंद्रेआस श्टील याने १९२६ साली विजेवर आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. त्या दोहोंच्या मध्ये, १९२७ साली, एमिल लेर्प याने आपली पेट्रोल-करवत थुरिंगिया प्रांतातील डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि त्या डोंगराचेच नाव आपल्या उत्पादनास दिले. ही आरंभीची यंत्रे इतकी जड होती की ती चालविण्यास दोन माणसे लागत. क्रॉसकट करवतीची दोन टोके जणू यंत्रातही कायम राहिली होती.

जी गोष्ट टोकांची, तीच दातांची. सुरुवातीच्या साखळ्यांवर क्रॉसकट करवतीचीच दंतरचना उतरविण्यात आली. डावीकडे वाकलेले चिरणारे दात, उजवीकडे वाकलेले चिरणारे दात, आणि मधोमध लाकूड उपसणारे रेकर, असा क्रम साखळीच्या कड्यांवर मांडलेला असे. अशा साखळीस इंग्रजीत ‘स्क्रॅचर’, म्हणजे ओरखडणारी, हे नाव पडले. वस्तू बदलली, तरी तिची कल्पना जुन्याच वस्तूच्या आधारे केली गेली. हाताने ओढावयाची करवत ही मनात इतकी दृढ होती की साखळीही तिचेच वाकविलेले रूप मानली गेली.

परंतु साखळीचा वेग हाताच्या वेगाच्या कितीतरी पट असतो. ओरखडणारे हे दात लवकर बोथट होत आणि त्यांना पुन्हा धार लावणे हे अत्यंत कटकटीचे काम असे. निरनिराळ्या घडणीचे दात निरनिराळ्या कोनांत घासावयाचे, त्यांची परस्परांमधील उंची सांभाळावयाची, वाकविण्याचे प्रमाण राखावयाचे. आणि हे सर्व ताठ पात्यावर नव्हे, तर सांध्यासांध्यात हलणाऱ्या साखळीवर. एंजिनाने कापण्याचा जो वेळ वाचविला, त्यातील मोठा वाटा कानशीने परत घेतला. साखळी-करवतीच्या प्रसारातील खरी अडचण केवळ एंजिनाच्या वजनाची नव्हती. ती धारेचीही होती.

४. कॉक्स याची साखळी आणि गोल कानस

ही अडचण ज्याने दूर केली तो जोसेफ बफर्ड कॉक्स हा अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील लाकूडतोड्या होता. १९४६ साली लाकूड फोडीत असता त्याचे लक्ष एका ओंडक्यात पोखरीत चाललेल्या भुंगेऱ्याच्या अळीकडे गेले. ही अळी तंतूंना समांतर आणि आडवी, अशी दोन्ही दिशांनी सहजपणे लाकूड खात जाते. तिचे वक्राकार जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे आळीपाळीने चालतात. त्या आकाराची नक्कल कॉक्सने पोलादात केली आणि १९४७ साली पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरातून नव्या साखळीची विक्री सुरू केली. आज जगात वापरल्या जाणाऱ्या बहुसंख्य साखळ्या त्याच घडणीच्या वंशज आहेत.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीही आहे. पण ती अळीच्या जबड्यापाशी थांबते, आणि त्यामुळे निम्मीच राहते. कॉक्सच्या दातामुळे कापण्याची क्रिया सुधारली हे खरे. परंतु धार लावण्याच्या क्रियेत जो पालट झाला तो तितकाच मोठा होता. नव्या साखळीत चिरणारा आणि उपसणारा असे दोन वेगळे दात उरले नाहीत. कडीचा वरचा भाग काटकोनात आत वळविलेला असल्याने एकच दात कापाची बाजू चिरतो आणि त्याच वेळी तळही सोलतो. एक कडी डाव्या अंगाची, पुढची उजव्या अंगाची. बाकी सर्व दात एकसारखे. दाताच्या आतील धारेचा आकार वर्तुळखंडासारखा असल्याने योग्य व्यासाची एकच गोल कानस त्या खोबणीत आडवी सरकविली की बाजूची धार आणि माथ्याची धार दोन्ही एकाच हालचालीत तयार होतात. अनेक आकारांच्या जागी एक आकार आला. अनेक कोनांच्या जागी मुख्यतः एक कोन, बहुधा ३० अंशांचा, सांभाळणे पुरेसे झाले.

याचा सामाजिक अर्थ स्पष्ट आहे. जे ज्ञान फाइलरच्या बोटांत होते, त्याचा मोठा भाग कानशीच्या व्यासात आणि दातावर कोरलेल्या कोनदर्शक रेषेत जाऊन बसला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात एका माणसाने चालवावयाच्या करवती सर्वत्र पसरल्या. त्या माणसाला झाडाच्या बुंध्यावर बसून, खिशातील कानशीने, काही मिनिटांत आपली साखळी आपणच पाजळता येऊ लागली. फाइलरची खोपी ओस पडली. एंजिनाने दोन माणसांच्या जागी एक माणूस आणला, असे आपण म्हणतो. वस्तुतः तीन माणसांच्या जागी एक आला, आणि तिसऱ्याला घालविण्याचे काम कानशीने केले.

५. नाव राहिले, कार्य गेले

आता पुन्हा त्या बोथट उंचवट्याकडे वळू. कॉक्सच्या साखळीत लाकूड उपसणारा स्वतंत्र दात नाही. भुशाचा तुकडा कापणारा दातच उचलतो. मग पुढचा उंचवटा कशासाठी? सुताराचा रंधा डोळ्यांपुढे आणला म्हणजे हे चटकन कळते. रंध्याच्या तळातून पाते जेवढे बाहेर काढावे, तेवढ्याच जाडीची साल निघते. साखळीच्या कडीत कापणारा दात हे रंध्याचे पाते आणि पुढचा उंचवटा हा रंध्याचा तळ. तो लाकडावरून घसरत जातो आणि मागच्या दाताने किती खोल शिरावे हे ठरवितो. तो काहीही कापत नाही, काहीही उपसत नाही. त्याचे कार्य केवळ मर्यादा घालण्याचे आहे.

तरीही क्रॉसकट करवतीवर वाढलेल्या पिढीने त्याला जुनेच नाव दिले. कारण उघड आहे : कापणाऱ्या दाताच्या शेजारी असणारा, त्याच्यापेक्षा किंचित आखूड ठेवावयाचा आणि मधूनमधून घासून खाली आणावयाचा जो भाग, तो म्हणजे रेकर, ही ओळख हाताला पक्की झालेली होती. साम्य स्थानाचे व उंचीचे होते, कार्याचे नव्हते. शब्दार्थाच्या इतिहासात हा प्रकार परिचित आहे. वस्तूचे रूप नवे झाले तरी तिच्या जागेला चिकटलेले नाव तिच्यावर उतरते.

अन्य भाषांत असे झाले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. जर्मन भाषेत जुन्या करवतीचा उपसणारा दात ‘रॉयमर’, म्हणजे जागा मोकळी करणारा; पण साखळीवरील उंचवट्यास ‘टीफनबेग्रेन्त्सर’, म्हणजे खोलीला मर्यादा घालणारा, असे वेगळे नाव आहे. फ्रेंच परिभाषेतही तो खोलीचा ‘लिमितर’च आहे. कापणाऱ्या दाताच्या नावांतही असाच भेद दिसतो. इंग्रजीने साखळीला ‘चिपर’ म्हटले, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणाऱ्या ढलप्यांकडे पाहिले. जर्मनने तिला ‘होबेलत्सानकेटे’, रंध्याच्या दाताची साखळी, म्हटले. फ्रेंच कारागीर त्या दाताला ‘गूज’, म्हणजे नक्षीकामाची गोल पटाशी, म्हणतात. एकाने परिणाम पाहिला, दुसऱ्याने क्रिया, तिसऱ्याने आकार. तिन्ही नावे वस्तूशी प्रामाणिक आहेत. ‘रेकर’ हे मात्र तिच्या पूर्वजाशी प्रामाणिक आहे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. कापणाऱ्या दाताचा माथा मागच्या बाजूस उतरता असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी धार लावताना दात जसजसा मागे घासला जातो, तसतशी त्याची धार खालीही येते. पुढचा उंचवटा मात्र होता तेवढाच उंच राहतो. म्हणजे धार लावण्याची क्रिया स्वतःच उंचीचा तो फरक कमी करीत जाते. काही वेळा पाजळल्यानंतर दात वस्तऱ्यासारखा तीक्ष्ण असूनही लाकडात शिरत नाही. साखळी वरवर घसरते आणि ढलप्यांऐवजी पीठ पडू लागते. अशा वेळी पट्टीसारख्या मापकाखाली उंचवटा किती वर येतो हे पाहून सपाट कानशीने तो तेवढाच खाली आणावा लागतो आणि त्याची पुढची कड पूर्ववत गोलसर करावी लागते. उलटपक्षी, त्यास ‘उपसणारा’ समजून, तो आखूड केल्याने काम अधिक होईल अशा समजुतीने जो मनुष्य तो बेसुमार घासतो, त्याच्या हाती धोका येतो. प्रत्येक दात जरुरीपेक्षा खोल शिरतो, यंत्र हिसके देते, साखळी अडकते आणि पाते उलट उसळण्याची शक्यता वाढते. ही चूक ‘रेकर’ या शब्दामुळेच होते, असे सिद्ध करता येणार नाही. पण तो शब्द तिला आवर घालीत नाही, आणि ‘मर्यादक’ यासारखा शब्द घालतो, एवढे निश्चित म्हणता येईल.

६. दांड्याच्या टोकावरील साखळी

पोल प्रूनरच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. लांब दांड्याच्या छाटणी-अवजारांचा स्वतंत्र इतिहास आहे. १८२२ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या जॉन क्लॉडियस लाउडन याच्या उद्यानविद्येच्या कोशात दांड्यावर बसविलेल्या आणि दोरीने ओढावयाच्या कात्रीचे वर्णन ‘ॲव्हरन्केटर’ या नावाने येते. हे नावही व्युत्पत्तीच्या गैरसमजातून निघालेले आहे. ज्या लॅटिन धातूचा अर्थ ‘अरिष्ट टाळणे’ असा होता, तो तण उपटण्याच्या अर्थाच्या दुसऱ्या धातूपासून आला असे समजून छाटणीच्या अवजाराला जोडण्यात आला. मात्र त्या गैरसमजाने अवजाराच्या वापरात काही बिघडले नाही. नाव चुकले तरी दोरी कोठे ओढावयाची हे त्या नावावर अवलंबून नव्हते.

साखळीच्या पोल प्रूनरमध्ये असे नाही. हातातील साखळी-करवत बोथट झाली तर मनुष्य तिच्यावर भार देतो. ते चूकच, पण शक्य असते. तीन-चार मीटर दांड्याच्या दुसऱ्या टोकाला भार देता येत नाही. जोर केल्यास दांडा वाकतो आणि पाते कापातून निसटते. तेथे टोकाचे वजन आणि साखळीची धार एवढ्यांवरच काम चालले पाहिजे. म्हणून धार आणि मर्यादकाची उंची या दोन्ही गोष्टी येथे नेमक्या लागतात. शिवाय साखळी लहान असल्याने मापेही सूक्ष्म होतात. श्टील कारखान्याच्या कोष्टकांनुसार लहान बांध्याच्या पाव इंच पिचाच्या साखळीस ३.२ मिलिमीटर व्यासाची कानस लागते आणि मर्यादक दाताच्या धारेपेक्षा ०.४५ मिलिमीटर खाली ठेवावयाचा असतो. ३/८ इंच पिचाच्या लहान बांध्याच्या साखळीस हीच मापे अनुक्रमे ४ मिलिमीटर आणि ०.६५ मिलिमीटर अशी आहेत. पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग.

धार लावण्याची जी पद्धत आज शिकविली जाते, तिच्यातील प्रत्येक नियमामागे वरील इतिहास उभा आहे. प्रथम सर्वांत आखूड दात शोधावयाचा आणि बाकीचे त्याच्या लांबीस आणावयाचे. कारण सर्व दात सारखे असणे हाच या साखळीचा मूळ गुण. कानशीच्या व्यासाचा सुमारे पाचवा भाग दाताच्या माथ्यावर राहील अशी ती धरावयाची. त्याहून खाली गेल्यास धार आकड्यासारखी वळते आणि लवकर मोडते, वर गेल्यास बोथट कोन होतो. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने चालवावयाची आणि परतताना उचलावयाची. एका अंगाचे सर्व दात संपवून मग दुसरे अंग घ्यावयाचे; दोन्हीकडे घासण्याची संख्या सारखी ठेवावयाची, नाहीतर काप एका बाजूस वळतो. आणि काही वेळा पाजळल्यावर मर्यादक तपासावयाचा. अखेरचा हा नियम पुष्कळांकडून गाळला जातो.

यात हानी केवळ यंत्राची होत नाही. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो (१९३० ते २००६) यांनी दाखवून दिले की झाडाची जखम प्राण्याच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. झाड तिला आतून भिंती घालून बंदिस्त करते. त्यांचा याविषयीचा प्रसिद्ध सिद्धांत १९७७ साली मांडला गेला. फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कंठाला धक्का न लावता, त्याच्या लगेच बाहेर काप घ्यावा, हा आजचा छाटणीचा नियम त्यातून दृढ झाला. बोथट साखळी, किंवा बेसुमार खोल शिरणारी साखळी, त्या कंठाची साल ओरबाडते. खालून जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ती ओरबाड दिसत नाही. झाडाला मात्र ती दीर्घकाळ सोसावी लागते.

७. समारोप

फाइलरचे ज्ञान सर्वस्वी लोपले असे मात्र झाले नाही. अमेरिकेत १९६४ सालच्या कायद्याने संरक्षित अरण्यांत यांत्रिक अवजारांच्या वापरावर सर्वसाधारण बंदी आली आणि तेथील वाटा मोकळ्या करण्यासाठी क्रॉसकट करवतच वापरणे भाग पडले. १९७७ साली वनखात्याने वॉरन मिलर यांची या करवतीविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात रेकर कसा घासावा, ठोकावा आणि मोजावा याचे तपशीलवार विवेचन आहे. म्हणजे आजही या शब्दाला त्याचे खरे घर आहे. तेथे तो खरोखरच उपसतो.

मराठीला या बाबतीत एक सोय उपलब्ध आहे. ‘करपत्र’पासून आलेला ‘करवत’, तसेच ‘रंधा’, ‘पटाशी’, ‘कानस’ ही शब्दसंपत्ती आपल्या सुतारांनी जिवंत ठेवलेली आहे. परंतु साखळीच्या भागांची नावे अद्याप पुरती स्थिरावलेली नाहीत. इंग्रजीतील दोन्ही शब्द आपल्याकडे एकदमच येत असल्याने निवड करण्यास अवसर आहे. क्रॉसकट करवतीच्या दाताला ‘उपसदात’ आणि साखळीवरील उंचवट्याला ‘मर्यादक’ असे दोन वेगळे शब्द योजावेत, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. ‘रेकर’ या उसन्या शब्दाखाली ही दोन्ही एकत्र केल्यास आपण एक असा गैरसमज आयात करू, ज्याला आपल्या भाषेत पूर्वेतिहासाचे निमित्तही नसेल.

शब्द हे बहुतेक वेळा वस्तूंच्या मागून येतात आणि मागे रेंगाळतात. त्यात वावगे काही नाही. आपण ‘शाई’ म्हणतो तेव्हा ती काळीच असली पाहिजे असा आग्रह धरीत नाही, जरी त्या शब्दाच्या फार्सी मुळात काळेपणा आहे. परंतु जेथे शब्द हाताला दिशा देतो, तेथे त्याची जुनी धार तपासून घ्यावी लागते. अवजारांच्या परिभाषेचा अभ्यास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने का करावा, याचे याहून वेगळे समर्थन देण्याची आवश्यकता वाटत नाही.